मॉनिटरचा प्लग काढू नका : छातीतल्या पाण्याच्या नोंदीविषयी

तुमच्या छातीत आयसीडी किंवा सीआरटी-डी, म्हणजे हृदयाचे धोकादायक ठोके विजेच्या झटक्याने सावरणारं यंत्र, बसवलेलं आहे, त्यामुळे यंत्राची ओळख पुन्हा करून देत नाही. तुमच्या यंत्राच्या नोंदी दुरून पाहणाऱ्या आम्हाला फोनवर मात्र सारखं विचारलं जातं, "पाणी साठतंय हे त्याला कळतं कसं?"

ही सोय असलेलं यंत्र लीड (हृदयात गेलेली त्याची वायर) आणि स्वतःची डबी यांच्यामध्ये अगदी सौम्य वीज सोडून छातीचा विद्युत रोध मोजतं. हवा वीज अडवते, पाणी तिला वाट देतं. म्हणून फुप्फुसात पाणी वाढलं की रोधाचा आकडा उतरतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात हा उतार त्रास वाढण्याच्या सरासरी १५ दिवस आधीच सुरू झालेला दिसला. लघवीच्या गोळीचा डोस वेळेत बदलायला हे दिवस फार मोलाचे असतात.

आणि ते वाया जातात एका प्लगपायी. नोंद यंत्रात राहते, पण आमच्यापर्यंत ती पलंगाजवळचा मॉनिटरच पोचवतो, तोही बहुधा तुम्ही झोपेत असताना. मोबाइल चार्ज करायला त्याचा प्लग काढला, पाहुणे आले म्हणून तो दुसऱ्या खोलीत नेला, की आमच्या यादीत तुमच्या नावापुढे 'संपर्क नाही' एवढंच उरतं. मागे एका आजोबांच्या घरी चार फोन केले, शेवटी माणूस पाठवला. मॉनिटर कपाटावर होता, वायरला रबरबँड लावून नीट गुंडाळून ठेवलेला. आवराआवरीत कुणीतरी उचलून ठेवला होता.

"आलेख आम्हालाच का पाठवत नाही, बझर का लावत नाही?" असंही विचारतात. न्यूमोनियात किंवा डबीच्या जागी संसर्ग झाला तरी आकडा उतरतो. शिवाय २०११ च्या ३३५ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांचं यंत्र बझर वाजवायचं, त्यांना हृदयाच्या त्रासासाठी उलट जास्त वेळा दाखल व्हावं लागलं. म्हणून आकडा उतरला की आम्ही आधी तुम्हाला फोन करतो. वजन, पायाची सूज, झोपल्यावर दम लागतो का हे विचारतो आणि मगच डॉक्टरांना कळवतो. यात थोडा वेळ जातो, पण ही पद्धत आम्ही सोडणार नाही.

रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर आमच्या फोनची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. रात्री एकाएकी दम लागला तर थेट रुग्णालय गाठा. मॉनिटर म्हणजे रुग्णवाहिका नव्हे.

प्रवासाला निघताना आम्हाला कळवा, मॉनिटर सोबत न्यायचा का ते सांगू. तुमचा मॉनिटर अजून लँडलाइनवर असेल तर मोबाइल नेटवर्कवर चालणारा मिळेल का ते पाहून बसवून देतो. पहिली नोंद पोचल्याशिवाय आमचा माणूस घरातून निघत नाही.