बृहदांत्रातील वाहिनीविकृती

मोठ्या आतड्याच्या अस्तराखालच्या रक्तवाहिन्या रुंदावणे, वेड्यावाकड्या होणे किंवा त्यांची जोडणीच मुळात चुकलेली असणे, या साऱ्या अवस्थांना मिळून दिलेली ही संज्ञा. यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अँजिओडिसप्लाझिया. तो रुंदावलेल्या वाहिन्यांच्या ठिपक्याच्या रूपात, बहुधा साठीनंतर, अंधनाल (मोठ्या आतड्याची पिशवीसारखी सुरुवात) आणि चढत्या बृहदांत्रात (मोठ्या आतड्याचा उजवा भाग) सापडतो. ठिपका बहुतेकदा 5 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. पोट उघडून आतडे हातात घेतले तरी तो बाहेरून दिसत नाही, बोटांना लागत नाही. त्यामुळे या विकारात कापण्यापेक्षा शोधणे अवघड.

ठिपके उजव्या बाजूलाच का होतात, याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण अमेरिकी शल्यचिकित्सक स्कॉट बोली आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मांडले. अस्तराखालच्या शिरा आतड्याच्या स्नायूथरातून बाहेर पडतात. स्नायू आकुंचन पावला की त्या दाबल्या जातात. वर्षानुवर्षे असे होत राहिले की शिरा फुगतात, मग केशवाहिन्या, आणि शेवटी केशवाहिन्यांच्या तोंडाशी असलेली झाकणे निकामी होऊन धमनी थेट शिरेत रिकामी होऊ लागते. नळी जितकी रुंद तितका तिच्या भित्तीवर ताण अधिक, आणि अंधनाल हा बृहदांत्राचा सर्वांत रुंद भाग आहे.

हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप अरुंद झालेल्या रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होतो, हे डॉक्टर हेड (Heyde) यांनी 1958 मध्ये नोंदवले होते. दुवा पुढे उलगडला: अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठवण्यास लागणाऱ्या फॉन विलेब्रँड घटकाचे मोठे रेणू तुटतात. झडप बदलल्यावर अनेकांचा स्राव थांबतो. म्हणून वृद्ध रुग्णाचे पोट तपासताना छातीला स्टेथोस्कोप लावायला विसरू नये. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांतही असा स्राव वारंवार दिसतो.

पोट सहसा दुखत नाही. कधी शौचावाटे लाल किंवा काळपट रक्त जाते. अनेकदा मात्र रक्त नकळत झिरपत राहते आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय एवढीच खूण उरते. बहुतेकांचा स्राव आपोआप थांबतो. पण तो पुन्हा सुरू होतो, हाच या विकाराचा खोडकरपणा.

निदानाची पहिली पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गाने दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहणे. पडद्यावर सपाट, चेरीसारखा लालभडक ठिपका दिसतो; मध्यातून नेच्याच्या पानासारख्या बारीक वाहिन्या फुटलेल्या, काही वेळा भोवती फिकट कडे. फसगत दोन्ही बाजूंनी होते. दुर्बिणीच्या घर्षणाने किंवा शोषणाने अस्तरावर उठलेले लाल डाग हुबेहूब तसेच दिसतात, त्यामुळे दुर्बीण आत नेतानाच नीट पाहावे लागते. उलट, गुंगीसाठी दिलेल्या अफूवर्गीय औषधाने अस्तराचा रक्तपुरवठा घटून खरा ठिपका फिका पडतो. तुकडा काढून तपासणे टाळतात. स्रावाची भीती मोठी, हाती लागणारे थोडे.

स्राव जोरात असेल तर सीटी अँजिओग्राफी किंवा धमनीत नळी घालून अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेले क्ष-किरण चित्र) करतात. धमनीच्या टोकाशी वाहिन्यांचा झुबका, वेळेआधी भरणारी शीर आणि उशिरापर्यंत गडद राहणारी शीर या त्यातील खुणा. मात्र गळती प्रत्यक्ष दिसायची तर मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर रक्त त्या क्षणी वाहत असावे लागते.

योगायोगाने दिसलेला, कधीच न वाहिलेला ठिपका तसाच सोडतात. वाहणाऱ्यावर आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायूच्या विद्युतभारित झोताने) डाग देणे ही आजची नेहमीची रीत. अंधनालाची भित्ती पातळ असल्याने भोक पडू नये म्हणून शक्ती कमी ठेवतात. नळीतून धमनीची बारीक फांदी बुजवता येते, पण त्यात आतड्याचा तो भाग मरण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रिया उरते ती हे उपाय फसल्यावर किंवा रक्त थांबतच नसल्यावर. जागा उजव्या बाजूला निश्चित झाली असेल तर उजवे बृहदांत्र काढून लहान आतडे आडव्या बृहदांत्राला जोडतात. जागा माहीत नसताना अंदाजाने एखादा भाग कापला तर पुन्हा रक्त जाण्याची शक्यता मोठी. अशा वेळी जवळजवळ सगळे बृहदांत्र काढण्याचा पर्याय असतो, पण वृद्ध, हृदयविकारी रुग्णाला तो फार जड जातो. तेव्हा कापण्याआधी लहान आतडे आणि जठर निर्दोष असल्याची खात्री करावी, कारण ठिपके तिथेही असू शकतात.

तरुणांत आढळणारी जन्मजात विकृती वेगळी. गुदाशय आणि डाव्या बृहदांत्रातील पोकळ रक्तार्बुद (रक्तवाहिन्यांची गाठ) मोठे, पसरट असते. साध्या क्ष-किरण चित्रात ओटीपोटात दिसणारे चुनखडी खडे त्याची चुगली करतात. इथे गुदद्वाराचा स्नायू राखून रोगट भाग काढतात.

काढलेले आतडे प्रयोगशाळेत नेहमीसारखे चिरले तर वाहिन्या मिटून जातात आणि अहवाल ‘विशेष काही नाही’ असा येतो. म्हणून धमन्यांत सिलिकॉन रबर भरून, ऊतक मेथिल सॅलिसिलेटमध्ये (वेदनाशामक मलमाला तो ओळखीचा वास देणारा हाच पदार्थ) पारदर्शक करण्याची पद्धत बोली यांच्या गटाने वापरली. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका त्याच्या वळणदार शिरांसह उघड दिसतो.