दोन ‘सोलो’ चेलिस्ट

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम असला आणि त्यात चेलोचा (व्हायोलिनच्या कुळातल्या, बसून वाजवायच्या मोठ्या वाद्याचा) कॉन्सर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, वाजणार असला, की रंगमंचाच्या पुढच्या भागात चेलो घेतलेल्या दोन व्यक्ती लक्ष वेधून घेतात. एक कंडक्टरच्या अगदी शेजारी, अनेकदा लाकडी चौथऱ्यावर आणि समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता बसलेली असते; दुसरी तिच्यापासून काही पावलांवर, चेलोवादकांच्या पहिल्या जोडीत, स्टँडवर कागद लावून. पहिली व्यक्ती म्हणजे सोलोइस्ट, पाहुणा एकल वादक, आणि दुसरी प्रिन्सिपल चेलिस्ट, ऑर्केस्ट्राच्या चेलो-विभागाचा प्रमुख. आपल्याकडे दोघांनाही ‘मुख्य चेलोवादक’ म्हणून मोकळे होता येते. जर्मन भाषेने तर या घोळात भरच घातली आहे, कारण तिथल्या ऑर्केस्ट्रांमध्ये प्रिन्सिपलच्या पदाचे नावच ‘सोलोचेलिस्ट’ असे आहे. एखाद्याच्या परिचयात ‘अमुक ऑर्केस्ट्राचा सोलोचेलिस्ट’ असे वाचले, तर तो दरमहा पगार घेणारा, वाद्यवृंदात नोकरी करणारा वादक आहे असे समजावे; गावोगावी कॉन्सर्टो वाजवत फिरणारा तो हा नव्हे.

शिक्षणाच्या पहिल्या पंधरा-एक वर्षांत दोघांमध्ये फरक दाखवता येत नाही. लहानपणी पाव किंवा अर्ध्या मापाच्या चेलोवर हात बसतो, पुढे डाव्या हाताचा अंगठाच तारेवर टेकवून वरच्या पट्टीत वाजवण्याची अवघड रीत शिकावी लागते, द्युपोर आणि पॉपर या जुन्या चेलोवादकांचे अभ्यासपाठ घोटावे लागतात, बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहा सुइट (नृत्यरचनांचे संच) आयुष्यभरासाठी सोबतीला येतात. गुरूही एकच असू शकतो. लेनर्ड रोझ 1943 ते 1951 या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रिन्सिपल होते. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी यो-यो मा थेट सोलोइस्ट झाले, तर लिन हॅरल 1964 मध्ये क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राच्या प्रिन्सिपलच्या खुर्चीवर बसले.

वाटा फुटतात त्या नोकरीच्या दाराशी. ऑर्केस्ट्राची जागा ऑडिशनमधून मिळते आणि तिचा निदान पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी पडद्याआड होतो: उमेदवाराला नावाऐवजी क्रमांक असतो आणि पावलांच्या आवाजावरून काही ताडता येऊ नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचाही अंथरलेला असतो. सुरुवातीला बहुधा हायडनचा डी मेजर कॉन्सर्टो ऐकतात, पण खरा निकाल लागतो तो ऑर्केस्ट्राच्या रचनांतील छोट्या उताऱ्यांवर. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीतील दुसऱ्या भागाची सुरुवात ही त्यांतली नेहमीची. ऐकायला सोपी, गाण्यासारखी चाल आहे ती. पण ताल केसभर ढळला किंवा सूर किंचित चढला, तर त्या उघड्या चालीत लपायला जागा नसते. इथे परीक्षकांना नवा अर्थ ऐकायचा नसतो, कागदावर लिहिलेले तंतोतंत ऐकायचे असते. निवड झाल्यावरही उमेदवारीचा काळ असतो, जर्मनीत सहसा वर्षभराचा, आणि तो संपताना सहकारी वादक मतदान करतात.

सोलोइस्टसाठी अशी जागा कुणी जाहीर करत नाही. मोठ्या स्पर्धा उपयोगी पडतात: मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत 1962 पासून चेलो आहे, ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत तो 2017 मध्ये आला. मात्र पारितोषिकामुळे फार तर दोन-तीन वर्षांची निमंत्रणे मिळतात. पुढे कंडक्टर आणि व्यवस्थापक पुन्हा बोलावतात की नाही, यावरच सगळे अवलंबून राहते. ऑडिशनमध्ये खटकला असता असा वेगळेपणा इथे लागतो, आणि माझ्या मते तरुण वादकाची सर्वांत मोठी ओढाताण हीच आहे: त्याच हातांनी सकाळी उतारे घासूनपुसून तयार करायचे आणि संध्याकाळी कॉन्सर्टोत स्वतःचे काही म्हणायचे.

रोजचे काम पाहिले की अंतर आणखी स्पष्ट होते. पहिल्या तालमीच्या आधी प्रिन्सिपल शिसपेन्सिल घेऊन बसतो आणि गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर ढकलायचा, कोणते स्वर एका गजात घ्यायचे, याच्या खुणा आपल्या प्रतीवर करतो. त्या खुणा मागच्या सगळ्या प्रतींवर उतरतात आणि दहा-बारा गज एकाच दिशेने हलू लागतात. हे काम श्रोत्याला ऐकू येत नाही, पण पूर्ण विभागाचा आवाज त्यावर ठरतो. एकट्याने वाजवण्याचे प्रसंगही येतातच. ब्राह्म्सच्या दुसऱ्या पियानो कॉन्सर्टोचा तिसरा भाग चेलोच्या एकल चालीने उघडतो आणि मुख्य पाहुणा असलेला पियानोवादक तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून ऐकत बसतो. सोलोइस्ट मात्र ऑर्केस्ट्रासोबत बहुधा दोनच तालमी करून कार्यक्रमाला उभा राहतो, मानधन कार्यक्रमागणिक घेतो, आणि विमानात चेलोसाठी वेगळे तिकीट काढतो.

ही हद्द ओलांडणारेही आहेत. चेलोवादक पियातिगोर्स्की 1929 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकची खुर्ची सोडून सोलोइस्ट झाले, हॅरल यांनीही 1971 मध्ये तेच केले. उलट दिशेने जाणारे विरळाच, कारण विभागातल्या इतरांसोबत आवाज मिसळण्याची सवय एकदा मोडली की पुन्हा लावणे जड जाते. विभागातून तिसऱ्याच जागी पोचलेलेही आहेत: एल्गारच्या चेलो कॉन्सर्टोचा पहिला प्रयोग 1919 मध्ये लंडनला झाला, तेव्हा चेलोच्या विभागात बसून वाजवणाऱ्यांत तरुण जॉन बार्बिरोली होते. 1965 मध्ये जॅकलिन दु प्रे यांनी तोच कॉन्सर्टो ध्वनिमुद्रित केला, तेव्हा बार्बिरोली कंडक्टर होते.

एक रचना मात्र हे दोन्ही कामांचे वर्गीकरण विस्कटून टाकते. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन किखोते’मध्ये (1898) चेलो हाच नायक आहे, पण ती भूमिका कधी ऑर्केस्ट्राचा प्रिन्सिपल आपल्या नेहमीच्या खुर्चीवरून वाजवतो, तर कधी त्यासाठी पाहुणा बोलावतात. त्या संध्याकाळी कार्यक्रमपत्रिका उघडण्याआधी खुर्ची पाहावी: ती चौथऱ्यावर असेल तर बहुधा पाहुणा, आणि पहिल्या जोडीत असेल तर घरचा माणूस.