ट्राउट वर येतो तेव्हा बर्फ कच्चा झालेला असतो

मार्च निम्मा सरला की अमेरिकेतलं मिनेसोटा, कॅनडातलं ओंटारिओ, फिनलंड इथल्या गोठलेल्या तळ्यांवर एक गंमत होते. बर्फ अजून हात-दीड हात जाड असतो आणि भर थंडीत सुस्तावलेला ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला एक मासा, पुन्हा गळाला लागू लागतो. बर्फाला भोक पाडून गळ टाकणाऱ्या हौशी माणसाला आणखी काय हवं? पण याच दिवसांत बर्फ सगळ्यात जास्त दगा देतो. माशाला वर आणणारं आणि बर्फाला आतून पोखरणारं ऊन एकच आहे. बर्फाला भोक पाडायचं ऑगर, म्हणजे ते भलंमोठं गिरमिट, कुठलं घ्यावं याचं उत्तरही त्या उन्हावरच ठरतं.

आधी पाण्याचं बघू. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सियसला. त्यामुळे हिवाळ्यात तळ्यातले थर उलटे लागतात: बर्फाला लागून शून्याच्या आसपासचं पाणी आणि तळाशी ४ अंशांच्या जवळचं. वर बर्फाचं झाकण बसलं की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळायचा थांबतो. तळाच्या गाळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणारे जिवाणू मात्र आपला वाटा घेतच राहतात. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पण हिवाळ्याच्या अखेरीस तळाजवळ त्यातला फारच थोडा उरलेला असू शकतो. ५-६ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर ट्राउट अस्वस्थ होतो आणि वरच्या पाण्याकडे सरकतो.

मग ऊन वाढतं. बर्फावर पडलेलं हिम ताजं असताना ८० ते ९० टक्के प्रकाश परतवून लावतं, त्यामुळे खाली जवळजवळ अंधारच असतो. ते वितळलं की प्रकाश बर्फ भेदून आत जातो आणि पाण्यातलं सूक्ष्म शैवाल कामाला लागतं, म्हणजे ऑक्सिजन तयार व्हायला लागतो. सायबेरियातल्या बैकल सरोवरात तर बर्फ फुटायच्या आधीच, बर्फाखालीच, शैवालाचा बहर येतो. आणखी एक उलटी गोष्ट घडते. एरवी तापलेलं पाणी वर येतं, पण इथलं पाणी ४ अंशांच्या खालचं असल्यामुळे उन्हाने थोडं तापलं की जड होतं आणि खाली बसतं. त्याच्या जागी दुसरं येतं. असं करत बर्फाखालचं पाणी दिवसभर हळूहळू घुसळलं जातं. काठावरून वितळून येणारं पाणी ताजा ऑक्सिजन आणतं, उथळ भागात किड्यांच्या अळ्या आणि गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंब्या हालचाल करू लागतात. मग ट्राउटने खोल पाण्यात का थांबावं? एक-दोन मीटर पाण्यात, कधी बर्फाच्या अगदी पोटाशी तो फिरताना दिसतो. या दिवसांत २० मीटरवर आमिष सोडून बसणारा माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो.

रेनबो ट्राउट या जातीच्या बाबतीत भर पडते ती विणीची. ब्रुक ट्राउट आणि लेक ट्राउट या जाती शरद ऋतूत अंडी घालतात, रेनबो वसंतात. त्यामुळे हिवाळा संपता संपता तो ओढे तळ्याला मिळतात त्या तोंडांशी गोळा व्हायला लागतो. वाहतं पाणी बर्फाला खालून सतत घासत असतं, म्हणून बर्फ सगळ्यात पातळ असतो तोही नेमका तिथेच. ओढ्याच्या तोंडापासून बरंच अंतर राखून बसावं आणि मासा चरत चरत आपल्याकडे यायची वाट बघावी. चार मासे कमी मिळाले तरी चालतील.

आता बर्फाकडे वळू. तळ्याचा बर्फ गोठतो तेव्हा त्याचे स्फटिक बहुतेक वेळा उभे, खांबांसारखे वाढतात. पाण्यातले क्षार आणि इतर अशुद्ध घटक स्फटिकात मावत नाहीत. ते दोन खांबांमधल्या फटीत ढकलले जातात, त्यामुळे ती फट बाकी बर्फाच्या आधी वितळते. वसंतातलं ऊन बर्फाच्या आत शिरतं आणि हे सांधे सोडवतं. जाडी फारशी घटत नाही, पण दोरी सुटलेल्या मोळीसारखी त्या बर्फाची अवस्था होते. इंग्रजीत याला कॅन्डल आइस म्हणतात. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा सल्ला आहे की नव्या, पारदर्शक बर्फावर पायी जायला किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटीमीटर जाडी हवी, आणि पांढऱ्या, हिम मिसळून गोठलेल्या बर्फाला दुप्पट. हे आकडे नव्या बर्फाचे आहेत. असा सांधे सुटलेला, कुजलेला बर्फ ४० सेंटीमीटर जाड असूनही पायाखालून जाऊ शकतो, त्यामुळे मार्चअखेर नुसती टेप लावून जाडी मोजण्याला अर्थ नाही.

म्हणून मी ऑगरपेक्षा पहारीला जास्त मानतो. दर काही पावलांवर पहार जोरात मारायची. टणक आवाज आला, ढलपा उडाला, तर बर्फ धड आहे. पहार भसकन आत गेली, उभ्या काड्या सुटून आल्या, तर आल्या पावली मागे फिरायचं. ऑगरमधून येणारा भुगाही हेच सांगतो. धड बर्फाचा भुगा कोरडा, भुरभुरीत येतो. कच्च्याचा ओला लगदा येतो, त्यात बोटभर लांबीचे सुटे स्फटिक दिसतात, आणि खाली पोचायच्या आधीच भोकात पाणी चढतं.

हा लगदाच ऑगरच्या निवडीचा कळीचा मुद्दा आहे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५० साली दाखवलं होतं की शून्य अंशाजवळ बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी एकमेकांना चिकटतात. ऑगरच्या मळसूत्रावर तेच घडतं. ओला भुगा वर यायच्या ऐवजी पेडांमध्ये ठासून बसतो आणि फिरणं जड होतं. दाब देऊन उपयोग होत नाही. थोडं खाली जायचं, ऑगर फिरतं ठेवूनच वर उचलायचं, भुगा झटकायचा, पुन्हा खाली.

पाती दोन प्रकारची मिळतात. सरळ धारेची पाती बर्फ तासतात. स्वच्छ बर्फात ती झटपट चालतात आणि हाताच्या ऑगरला तीच लागतात. पण हंगाम सरता सरता बर्फावर धूळ आणि वाळू साठलेली असते, तिच्याने ही धार लवकर जाते. जुनं गोठलेलं भोक पुन्हा उघडायला गेलं तर पातं अडकून हिसका देतं. दातेरी पाती बर्फ फोडत जातात. ती धीमी असतात, पण वाळू आणि जुनी भोकं मुकाट्याने सहन करतात. हाताने चालवत नसाल तर या दिवसांत दातेरीच घ्या.

व्यासाचा हिशेब लोक हमखास चुकवतात. १५ आणि २० सेंटीमीटर हा फरक किरकोळ वाटतो, पण काढायचा बर्फ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० सेंटीमीटर जाडीतून १५ सेंटीमीटरचं भोक म्हणजे सुमारे १० किलो बर्फ, २० चं म्हणजे १७ किलो. उथळ पाण्यातल्या मध्यम ट्राउटला १५ पुरतं. मोठ्या लेक ट्राउटच्या मागे असाल तरच २० घ्यावं.

पेट्रोलचं ऑगर मीटरभर बर्फाला ठीक. हंगामाच्या शेवटी मात्र ते वजन आणि तो धूर ओढत न्यायचं कारण मला दिसत नाही. हातातल्या बॅटरीच्या ड्रिलला जोडायचं हलकं ऑगर सोयीचं पडतं. लिथियम बॅटरी कडाक्याच्या थंडीत मान टाकते, मार्चमध्ये तो त्रास कमी होतो. गोठलेली बॅटरी चार्ज मात्र करू नये, आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियमचा थर चढून ती कायमची बिघडते. ड्रिलला बाजूची मूठ हवीच, कारण पातं खालच्या कडेत अडकलं की सगळा पीळ मनगटावर येतो. वरच्या टोकाला रुंद चकती लावलेली असावी, नाहीतर ड्रिलची पकड सुटली की ऑगर सरळ तळाला जातं.

उथळ पाण्यात या सगळ्याचा आवाज आणि कंप ट्राउटला लगेच कळतो. लागतील ती सगळी भोकं एकदमच पाडावीत, झाऱ्याने भुगा काढावा आणि थोडा वेळ गप्प बसावं. पात्यावर पाणी गोठून धार झाकली गेली तर ऑगर बर्फावर आपटू नका, पात्याचा कोन बिघडतो. भोकातल्या पाण्यात बुडवून धरलं की ते सुटतं.

दुपारी बर्फावर साचलेलं पाणी तुमच्या भोकातून खाली जायला लागतं आणि भोक रुंदावत जातं. भोवरा दिसला की सामान आवरा. गळ्यात बर्फात रोवायचे खिळे आणि अंगात तरंगणारं जॅकेट असावं. थंड पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा हिशेब असा: पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पहिलं मिनिट धडपडायचं नाही. श्वास सावरला की ज्या बाजूने आलात तिकडेच वळायचं, खिळे रोवायचे, पाय मारत पोटावर सरकून बाहेर यायचं आणि उभं न राहता तसंच लोळत दूर जायचं.