टेरिटोरियल आर्मीचे अधिकारी : नेमणूक आणि जबाबदारी
टेरिटोरियल आर्मी म्हणजे टीए, भारताची राखीव फौज. १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उद्घाटन केलं. नोकरी-धंदा सांभाळून लोक ट्रेनिंग करतात आणि हुकूम आला की वर्दी चढवून हजर होतात. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन टीएच्याच.

सगळ्यात वर डायरेक्टर जनरल. हा लेफ्टनंट जनरल असतो, पण रेग्युलर आर्मीतून आलेला, कारण टीएत कमिशन (म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक) घेतलेला माणूस लेफ्टनंट कर्नलपर्यंत सर्व्हिसच्या वर्षांवर जातो, पुढे सिलेक्शन आणि फार तर ब्रिगेडियर, बस्स. आयुष्यभर टीएत काढलेल्या माणसाला टीएचंच सर्वोच्च पद मिळू नये हे मला तरी पटत नाही.

खालून यायचं तर १८ ते ४२ वय, पदवी, स्वतःची कमाई, मग लेखी परीक्षा, इंटरव्ह्यू, एसएसबी (लष्कराचं निवड मंडळ), मेडिकल. सचिन पायलट केंद्रात मंत्री असताना २०१२ मध्ये असेच लेफ्टनंट झाले. धोनीचं वेगळं, त्याला २०११ मध्ये मिळालेली लेफ्टनंट कर्नलची रँक मानद आहे, तो बटालियनचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, नाही. लोक ह्यात कायम गल्लत करतात.

आता जाब कोण विचारणार? १९४८ च्या कायद्याचं कलम ९ बघा : अधिकारी ड्युटीवर असताना, आणि जवान बोलावलेला, एम्बॉडी केलेला (म्हणजे सलग सेवेसाठी तैनात केलेला) किंवा रेग्युलर आर्मीला जोडलेला असताना, आर्मी अॅक्ट लागू, म्हणजे कोर्ट मार्शलसुद्धा. एरवी तो साधा नागरिक. वरच्या टोकाला डायरेक्टर जनरल लष्करप्रमुखांच्या हाताखाली आणि त्यांच्या वर संरक्षण मंत्रालय. बोलावण्याचा अधिकारही सरकारकडूनच येतो, मे २०२५ मध्ये टीएच्या नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना तो दिला गेला आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री (पायदळ) बटालियन एम्बॉडी करायला मंजुरी मिळाली, तीही बजेटमध्ये पैसे असतील तरच.

कोर्टाचा धाकही आहे. बायकांना या बटालियनमध्ये घेत नव्हते, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि कायद्याच्या कलम ६ मधल्या ‘कोणतीही व्यक्ती’ यात स्त्रियाही येतात असं कोर्टाने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यानंतर महिला अधिकाऱ्यांची भरती सुरू झाली.