खुब्याचं ऑपरेशन योजनेतून करायचंय? आधी आजींचं आधार बघा

घरात घसरून पडल्यावर आजींचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर बहुधा खुबा मोडलेला असतो. ऑपरेशन शक्यतो 48 तासांत व्हायला हवं. पडून राहिलं की न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा मागे लागतात. म्हणून सरकारच्या मोफत उपचार योजनेचं, म्हणजे आयुष्मानचं, कार्ड आजच काढा.

70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. आयुष्मान ॲपवर काढता येतं आणि कागद लागतो फक्त आधार.

घोडं पेंड खातं ते तिथेच. वय आधारवरचंच धरतात. आजी खऱ्या 74 च्या, आधारवर 68, की संपलं. मग रेशन कार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा रस्ता धरायचा. दुसरी अडचण ओटीपीची : आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो. आणि भांडी घासून झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. चार वेळा दाबून बघू नका, चेहऱ्यावरून केवायसी (ओळख पडताळणी) करायला सांगा. जुनं आयुष्मान कार्ड असलं तरी सत्तरीनंतर केवायसी पुन्हा करावीच लागते, हे कुणी आपणहून सांगत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. खाजगी विमा असला तर हरकत नाही.

रुग्णालय योजनेत आहे का आणि तिथे हाडांचे उपचार योजनेतून होतात का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, आधी विचारा. आधी पैसे भरून नंतर परत मिळवू, हा हिशेब चालत नाही; योजना कॅशलेस आहे.

रुग्णालय योजनेकडे ऑपरेशनची मंजुरी मागतं, त्या कागदावर नुसतं ‘हिप फ्रॅक्चर’ नको. मांडीच्या हाडाची मान (खुब्याजवळचा निमुळता भाग) मोडली असेल आणि तुकडे जागेवर असतील तर स्क्रू, सरकले असतील तर म्हाताऱ्या माणसात बहुधा अर्धा किंवा पूर्ण सांधा बदलतात. मानेच्या खाली मोडलं तर प्लेट किंवा रॉड. पॅकेज, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने ठरवलेली रक्कम, त्यावर ठरतं, म्हणून प्रकार स्पष्ट लिहून घ्या. एक्स-रेवर नाव आणि तारीख आहे ना, तेही बघा.

घरी सोडल्यानंतरची 15 दिवसांची औषधंही पॅकेजमध्येच येतात. डिस्चार्जच्या गडबडीत ती मागायची राहून जातात.