परकीयांच्या जमीनमालकीवरील निर्बंध (अमेरिका)

चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया यांसारख्या देशांची सरकारे आणि त्यांच्याशी निगडित कंपन्या व व्यक्ती यांना शेतजमीन किंवा लष्करी तळांजवळची जमीन घेण्यास आडकाठी करणारे कायदे. मनाई केली आहे ती मुख्यतः घटकराज्यांनी. केंद्राच्या १९७८ च्या कायद्यात बंदी नाही, केवळ नोंदीची सक्ती आहे. खरेदीनंतर ९० दिवसांत कृषी खात्याला कळवायचे. न कळवल्यास जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड.

२०२३ अखेर सुमारे साडेचार कोटी एकर शेत व वनजमीन परकीयांकडे होती. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा कॅनडाचा. चिनी मालकांकडे एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे वाद किती एकरांचा यापेक्षा ती जमीन कुठे आहे, याचा अधिक.

नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सचे प्रकरण यासाठी पाहावे. फुफेंग या चिनी कंपनीने तिथे मका दळून पशुखाद्यातील घटक बनवण्याच्या कारखान्यासाठी ३७० एकर जमीन घेतली. हवाई दलाचा तळ तिथून १२ मैलांवर. परकीय गुंतवणूक तपासणाऱ्या केंद्रीय समितीने आपल्याला अधिकारच नाही असे कळवले, कारण संरक्षित तळांच्या यादीत ग्रँड फोर्क्सचे नाव नव्हते! जानेवारी २०२३ मध्ये हवाई दलाने पत्र लिहून मोठा धोका असल्याचे सांगितले आणि पुढच्याच महिन्यात नगर परिषदेने प्रकल्प गुंडाळला. यादीत नाव त्यानंतर चढले. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी वायोमिंगमधील क्षेपणास्त्र तळापासून मैलाच्या आत असलेली, चिनी मालकीच्या कंपनीची जागा विकायला लावली.

फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्याने तळापासून १० मैलांची रेघ आखली. त्याच वर्षी आर्कान्सॉने सिंजेंटाला बियाणे संशोधनाची १६० एकर जमीन विकण्याचा आदेश दिला. या कंपनीची मालकी खरोखरच चिनी सरकारकडे आहे. फ्लोरिडाचा कायदा मात्र चीनमध्ये कायम वास्तव्य असलेल्या साध्या माणसालाही लागू होतो, आणि टीका होते ती इथे. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये असाच कायदा करून जपानी शेतकऱ्यांना जमीन नाकारली होती. तो १९५२ मध्ये न्यायालयाने रद्द केला.

भारतात परकीय नागरिकाला शेतजमीन एरवी विकत घेताच येत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाचे नाव गावच्या सातबाऱ्यावर वारसाने लागू शकते, खरेदीखताने नाही.