ऑनलाइन कॉस्मेटिक विक्री: कोणत्या चाचण्या, कोणती कागदपत्रं आणि कोणत्या क्रमाने

लिस्टिंग टाकली, फोटो चढवले, भाव ठरवला आणि दोन दिवसांत निरोप आला: ‘या उत्पादनाची सुरक्षिततेची कागदपत्रं सादर करा.’ क्रीम, लिपबाम किंवा केसांचं तेल ऑनलाइन बाजारात विकायला निघालेले बरेच जण नेमके इथे अडकतात. लॅब शोधायची धावपळ तेव्हा सुरू होते आणि मग कळतं की एका चाचणीला २८ दिवस लागतात, दुसरीला तीन महिने. तोवर पाकिटं छापून झालेली असतात. म्हणून आधी फाइल तयार करा, लिस्टिंग नंतर.

पहिला प्रश्न असा की नियम कुठला लागू होतो? माल जिथे बनतो तिथला परवाना तर लागतोच, शिवाय ग्राहक ज्या देशात आहे तिथले नियमही पाळावे लागतात. भारतात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० आहेत. उत्पादनाचा परवाना राज्याचे परवाना अधिकारी देतात, तर आयात मालाची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे होते. युरोपियन युनियनमध्ये १२२३/२००९ हा नियम आहे. तिथे सरकार आधी मंजुरी देत नाही, पण युनियनच्या हद्दीतली एक ‘जबाबदार व्यक्ती’ नेमावी लागते आणि विक्रीपूर्वी सीपीएनपी या युनियनच्या कॉस्मेटिक नोंदणी पोर्टलवर उत्पादनाची नोंद करावी लागते. अमेरिकेत २०२२ च्या मोक्रा या कॉस्मेटिक नियमनाच्या कायद्यानुसार कारखान्याची नोंदणी दर दोन वर्षांनी नवी करायची असते आणि उत्पादनांची यादी दरवर्षी अद्ययावत करायची असते.

अमेरिकेच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगतो. तिथली एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, कॉस्मेटिकला मंजुरी देत नाही आणि नोंदणीचं प्रमाणपत्रही देत नाही. ‘एफडीए सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर पैसे देऊ नका. छोट्या व्यवसायांना तिथे नोंदणीतून सूट आहे: मागच्या तीन वर्षांची अमेरिकेतली सरासरी विक्री वर्षाला १० लाख डॉलरच्या आत असली पाहिजे. पण डोळ्यांच्या आतल्या नाजूक त्वचेला लागणारी उत्पादनं या सवलतीत बसत नाहीत. आणि उत्पादन सुरक्षित असल्याचा पुरावा ठेवण्यातून कुणालाच सूट नाही.

तुमचं उत्पादन कॉस्मेटिक आहे की औषध, हे लेबलवर काय लिहिता त्यावरही ठरतं. ‘त्वचा मऊ ठेवते’ हे कॉस्मेटिक. ‘मुरुमं बरी करते’ म्हटलं की ते औषधाच्या नियमात जातं. सनस्क्रीन युरोपात कॉस्मेटिक आहे, अमेरिकेत मात्र औषध. जाहिरातीतलं एक वाक्य सगळी लिस्टिंग बंद पाडू शकतं, तेव्हा मजकूर लिहिताना हात आखडताच ठेवा.

आता चाचण्यांकडे येऊ. ज्या उत्पादनात पाणी आहे, त्यात जंतू वाढू शकतात. म्हणून सूक्ष्मजीव तपासणी लागते: आयएसओ १७५१६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साधारण उत्पादनात एका ग्रॅममागे १,००० पेक्षा जास्त जंतू चालत नाहीत, तर डोळ्यांभोवती लावायच्या किंवा तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनात ही मर्यादा १०० आहे. ई. कोलाय, स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि कॅन्डिडा हे चार जंतू तर एका ग्रॅममध्ये अजिबात सापडता कामा नयेत.

पण बाटली आज स्वच्छ आहे एवढ्याने भागत नाही. ग्राहक ओलं बोट डबीत घालणार आहे. त्यासाठी चॅलेंज टेस्ट असते, मानक आयएसओ ११९३०. लॅबमध्ये तुमच्या क्रीममध्ये मुद्दाम जंतू मिसळतात, ग्रॅममागे लाखाच्या घरात, आणि मग ७, १४ आणि २८ दिवसांनी किती उरले ते मोजतात. सगळ्यात कडक निकषात बॅक्टेरिया सात दिवसांत हजारपट कमी व्हावे लागतात आणि पुन्हा वाढता कामा नयेत. ‘प्रिझर्व्हेटिव्हशिवाय’ असं अभिमानाने लिहिणाऱ्या पाणीयुक्त क्रीमची खरी परीक्षा इथे होते. निव्वळ तेल किंवा मेणाच्या, पाणी नसलेल्या उत्पादनाला ही चाचणी बहुधा लागत नाही, पण ती का लागत नाही याचं कारण फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं.

यासोबत स्टॅबिलिटी टेस्ट येते. उत्पादन विकायच्या त्याच डबीत भरून ४० अंश सेल्सिअसला साधारण तीन महिने ठेवतात. रंग, वास, घट्टपणा, सामू बदलतो का हे पाहतात. डबीतून काही क्रीममध्ये उतरतं का, हेही यातूनच कळतं. शिसं, आर्सेनिक, पारा यांची तपासणी रंगीत आणि खनिजं असलेल्या उत्पादनांत विशेष महत्त्वाची आहे. त्वचा उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडण्याचे प्रकार जगभर झाले आहेत आणि त्याने मूत्रपिंडं खराब होतात. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानेही पारा घातलेल्या कॉस्मेटिकवर बंदी आणली आहे. पुरवठादार कितीही ओळखीचा असला तरी ही तपासणी टाळू नका.

मग युरोप-ब्रिटनच्या बाजारासाठी सुरक्षितता मूल्यांकन अहवाल. तो फार्मसी, विषशास्त्र, वैद्यक किंवा तत्सम शाखेची पदवी असलेल्या माणसानेच सही करून द्यायचा असतो. हे मूल्यांकन कसं होतं ते एका हिशेबातून पाहा. अंगाला लावायचं लोशन माणूस दिवसाला सरासरी ७.८२ ग्रॅम वापरतो असं धरतात. त्यात एखादा घटक १ टक्का असेल तर तो ७८.२ मिलिग्रॅम झाला. माणसाचं वजन ६० किलो आणि त्वचेतून निम्मा घटक आत जातो असं धरलं, तर किलोमागे सुमारे ०.६५ मिलिग्रॅम शरीरात जातो. अभ्यासात अपाय न दिसलेली सर्वाधिक मात्रा किलोमागे १०० मिलिग्रॅम असेल, तर १०० भागिले ०.६५, म्हणजे साधारण १५४. हा आकडा १०० च्या वर हवा. इथे घटक पास. तोच घटक २ टक्के घातला की आकडा ७७ वर येतो आणि नापास होतो. कृतीत ‘थोडं जास्त घातलं’ तर काय बिघडतं, त्याचं उत्तर हेच.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. तयार बेस (ज्यात आपण सुगंध-रंग मिसळतो ते मूळ क्रीम किंवा लोशन) विकणाऱ्याचा रिपोर्ट आपलाच समजून जोडला जातो. तुम्ही त्यात सुगंध किंवा रंग मिसळला की ते नवं उत्पादन झालं आणि जुना रिपोर्ट त्याला लागू राहत नाही.

ऑनलाइन बाजार सहसा मागतात ते असं: घटकांची टक्केवारीसह यादी, आयएसओ २२७१६ प्रमाणे चांगल्या उत्पादन पद्धतीचं प्रमाणपत्र, आयएसओ १७०२५ मान्यता असलेल्या लॅबचे रिपोर्ट, बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र, खरेदीची बिलं, आणि डबीच्या सगळ्या बाजूंचे वाचता येतील असे फोटो. जिथे लागू असेल तिथे परवाना क्रमांक किंवा सीपीएनपी क्रमांकही. अर्ज परत येतात ते अनेकदा नावांच्या गोंधळामुळे: रिपोर्टवर ‘रोझ क्रीम’, लेबलवर ‘गुलाब फेस क्रीम’, बिलावर तिसरंच काही. लॅबला नमुना पाठवतानाच लेबलवरचं नाव अक्षरशः तसंच लिहा, बॅच नंबरसह.

लेबलवर घटक जास्त ते कमी अशा क्रमाने हवेत, सोबत बॅच नंबर, उत्पादकाचं किंवा जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता आणि मुदत.

विक्री सुरू झाली तरी फाइल बंद करायची नाही. युरोपात ती शेवटची बॅच बाजारात आल्यापासून १० वर्षं जपावी लागते. कुणाला गंभीर त्रास झाल्याची तक्रार आली तर अमेरिकेत १५ कामकाजाच्या दिवसांत एफडीएला कळवावं लागतं. तेव्हा प्रत्येक ऑर्डरसमोर बॅच नंबर लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंबर हाताशी असेल तर फक्त त्या बॅचच्या बाटल्या परत मागवता येतात. नसेल तर सगळाच माल काढून घ्यावा लागतो, आणि ज्यांच्याकडे ती बाटली गेली त्यांना सावध करायलाही उशीर होतो.